उकिरड्याशेजारचा वारस

आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकारानं १४९६च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यावर एक चित्र कोरलं. छापलेला कागद जेमतेम वहीच्या पानाएवढा, २५ सेंटिमीटर उंच नि १९ रुंद. विषय लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायाचा, उधळ्या पुत्राचा. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. धाकटा मुलगा बाप हयात असतानाच वाटणी मागतो, आलेल्या हिश्शाची रोकड करून दूरदेशी जातो आणि चैनीत सगळं फुंकून टाकतो. मग त्या मुलखात दुष्काळ पडतो नि हा कुणा धन्याच्या डुकरांमागे राबायला लागतो. डुकरांपुढच्या शेंगांनी तरी पोट भरावं असं वाटण्याइतकी भूक लागते, तेव्हा कुठं त्याला घर आठवतं.

एवढ्या गोष्टीतून चित्रकारानं निवडावं काय? उधळपट्टीचा प्रसंग रंगवायला सोपा आहे: दारू, बायका, वाजंत्री. बाप धावत येऊन मुलाच्या गळ्यात पडतो तो प्रसंग तर बघणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढायचाच. ड्यूररनं दोन्ही बाजूला ठेवले आणि मधली डुकरांची जागा घेतली. बायबलात हा मुलगा शेतात डुकरं राखतो. ड्यूररनं त्याला शेतातून उचलून गावातल्या परड्यात आणून ठेवलं. गावही पॅलेस्टाइनमधलं नव्हे, जर्मनीतलं. उंच उतरत्या छपरांची, लाकडी चौकटींची, कुठं कुठं खचत चाललेली घरं. उकिरडा, उकिरड्यावर कोंबडा. पुढं डोणीत तोंड घालून खाणारी डुकरं, त्यांच्या पायात घोटाळणारी पिल्लं, आणि त्या गर्दीत गुडघ्यावर बसलेला, हात जोडून वर बघणारा तरुण. कलावंतांची चरित्रं लिहिणारा इटालियन व्हासारी या चित्राचं कौतुक करताना जर्मन धर्तीच्या त्या झोपड्यांपाशी खास थांबतो, ते काही उगाच नव्हे.

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात हे चित्र कुणी फिरवलं, तर आधी काय दिसेल याची आम्हांला फारशी शंका नाही. चित्राच्या कडेला एका गुराचं फक्त मागचं अंग आलेलं आहे, तोंडाकडची बाजू चौकटीबाहेर. बघणारा तिथंच थांबेल. श्रीगोंदा तालुक्यातल्या या गावचा जनावरांचा बाजार राज्यात नावाजलेला. तिथं जनावर पारखायचं म्हणजे जबडा उघडून दात मोजायचे, आदत आहे की दोनदाती की जुळलेला ते ठरवायचं, चार पावलं चालवून खूर बघायचे, आणि मागं उभं राहून मांड्या नि चालीतला फरक हेरायचा. मग रुमालाखाली बोटं धरून सौदा. अशा माणसाला त्या अर्ध्या जनावराची हाडं मोजता येतील इतकं ते नीट कोरलेलं आहे. डुकरंही तशीच: लांब सोंडेची, पाठीवर राठ केस उभे राहिलेली, आजच्या पांढऱ्या गुबगुबीत वराहपालनातली नव्हेत. त्याच सुमारास ड्यूररनं लँडझर गावी जन्मलेल्या एका विचित्र डुकराचंही चित्र कोरलं होतं. जनावरांकडे हा माणूस गोठ्यातल्या गड्याच्या नजरेनं बघत होता.

कोरणी मात्र सोनाराची. ड्यूररचा बाप न्यूरेम्बर्गमध्ये सोनार होता, मूळ हंगेरीतून आलेला. मुलगा आधी बापाच्याच हाताखाली शिकला, मग चित्रकार व्हायचं म्हणाला, तेव्हा शिकण्यात गेलेली वर्षं वाया गेली म्हणून बाप हळहळला, असं ड्यूररनंच लिहून ठेवलंय. पंचविशीतल्या या मुलानं बापाकडे परत निघालेल्या मुलाचं चित्र काढावं यातून काही अर्थ काढायचा तर काढावा. आम्ही काढत नाही. कारागिरीचं मात्र सांगायला हवं. तांब्याचा पत्रा गुळगुळीत करून त्यावर पोलादी कोरणीनं रेघा काढायच्या, त्यात शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबाखालून काढायचा. रेघ चुकली तर खोडरबर नाही. आपल्याकडेही तांब्यावर कोरायचे, पण छापायला नव्हे. जमिनीचं दान दिलं की त्याचा ताम्रपट व्हायचा. छपाईसाठी तांबं कोरलं गेलं ते पेशवाईच्या अखेरीस. पुण्यात नाना फडणिसांच्या वेळी एका तांबटाकडून गीतेचे पत्रे कोरायला सुरुवात झाली नि नानांच्या मृत्यूनंतर, १८०५ साली, गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं मिरजेत ती गीता छापून निघाली. ड्यूररचे छापील कागद त्याच्या दोनशे वर्षं आधीच हिंदुस्थानात पोचले होते; अबुल हसन या तेरा वर्षांच्या मोगल चित्रकारानं १६००च्या सुमारास ड्यूररचा संत योहान बघून बघून काढलेला आजही ऑक्सफर्डला आहे. उधळ्या पुत्राला डुकरांमुळे त्या दरबारात कितपत जागा मिळाली असती, हा वेगळा प्रश्न.

आमचं म्हणणं ड्यूररच्या निवडीबद्दल आहे. वाटणी मागून, विकून, उधळून बसलेल्या पोराची गोष्ट आपल्या गावांना नवी नाही. तिला आपण ‘गुंठामंत्री’ असं झकास नाव दिलंय. पुण्याच्या आसपास जमिनी गुंठ्यांनी विकायला लागल्या तेव्हा हा शब्द जन्मला आणि दौंडचा पूल ओलांडून केव्हाच नगर जिल्ह्यात आला. त्याच्या गोष्टीचे दोनच प्रसंग आपण सांगतो. पहिला: गळ्यात दोरखंडाएवढी साखळी, दारात काळ्या काचांची गाडी, वाढदिवसाला फ्लेक्स नि डीजे. दुसरा: गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली, फ्लेक्स फाटला, पोरगं कुठं दिसेना. पहिल्याला आपण हसतो नि दुसऱ्यावर ‘जिरली’ म्हणून टाळी देतो. मधे कुठंतरी ते पोरगं कुणाच्या तरी गोठ्यात शेण काढत असेल, हॉटेलात भांडी विसळत असेल किंवा कंपनीच्या गेटवर रात्रपाळी करत असेल. तो प्रसंग कुणी सांगत नाही. तिथं हसायला काही नसतं, म्हणून आपली गोष्टच तिथं संपलेली असते. ड्यूररची नेमकी तिथं सुरू होते.

आणि वाटणी मागणं हा गुन्हा नव्हे, हेही एकदा म्हणायला हवं. बायबलातल्या ऐकणाऱ्यांना धाकट्याची मागणी म्हणजे बापाचं मरण मागितल्यासारखी वाटली असेल. आपल्याकडे विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच धरलेला आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली नि देशानं २००५ साली तो मुलीलाही दिला. (गोष्टीत बहीण नाही, आईही नाही. ड्यूररच्या परड्यातही बाईमाणूस म्हणून कुणी दिसत नाही.) तहसीलमध्ये जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालच्या वाटपाच्या फायली पडलेल्या असतात, त्या सगळ्या काही उधळ्या पुत्रांच्या नसतात. महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदारामागं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६मध्ये १.३४. एवढ्याशा तुकड्याचे आणखी तीन वाटे झाले की धाकट्यानं तो विकला काय नि कसला काय. त्याला उधळ्या म्हणायच्या आधी त्याच्यापाशी उधळायला होतं किती ते बघावं.

गोष्टीतला दुष्काळही प्रवचनात असाच निसटतो. मुलगा पैसे उडवून कफल्लक झाला हे खरं, पण पोटावर वेळ आली ती त्या मुलखात कडक दुष्काळ पडला म्हणून. लूकनं ते स्पष्ट सांगितलंय. आपण मात्र सगळी जबाबदारी पोराच्या चैनीवर टाकून मोकळे होतो. नगर जिल्ह्याला तरी ते वाक्य ओलांडून पुढं जाता येऊ नये. काष्टी स्टेशनावरून जाणारा दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७६-७८च्या दुष्काळातल्या मजुरांच्या हातून भरला गेला. १८७८ साली त्यावरून गाडी धावली. त्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपलनं सरकारी खर्च वाचवायचा म्हणून मजुराचा रोज उतरवून दिवसाला पौंडभर धान्य नि वर किरकोळ पैशांवर आणला. दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसाला पौंडभर धान्य! मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी मजूर कामं सोडून निघून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. आज दौंडहून नगरकडे जाताना रुळांखालचा भराव दिसतो, त्यातल्या कितीतरी पाट्या अशा अर्धपोटी माणसांनी डोक्यावरून आणून टाकलेल्या आहेत. डुकरांच्या शेंगांकडे बघणारा माणूस समजायला त्यांना भाष्यकार लागला नसता.

या जिल्ह्यात ही गोष्ट सांगितली गेली तीही अशाच लोकांना. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं नगरला १८३१ साली झालं, १८४२ साली तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागलं, एकोणिसाव्या शतकातच नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. टाळ-मृदंगावर उधळ्या पुत्राची कथा लावायला कीर्तनकाराला कष्ट पडायचं कारण नाही; आख्यानाला लागतं ते सगळं तिच्यात आहे. पण ऐकायला बसलेली माणसं कोण होती? बहुतेक महार नि मांग. वेशीबाहेर राहणारी, गावकीच्या कामाला बांधलेली. महारांकडे वतनाची हाडकी-हाडोळ्याची जमीन असायची, ती अख्ख्या भावकीत वाटून कुणाच्या वाट्याला काय यायचं ते सांगायला नको. आणि तिच्या बदल्यात रात्रंदिवस राबणं होतं. त्या वतनाची बेडी तोडावी म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ साली. वाटणी मागायची म्हटलं तर बापापाशी वाटण्यासारखं नव्हतंच, अशा श्रोत्यांसमोर वाटणी विकून खाणाऱ्याची गोष्ट चालली होती.

गोष्टीत ज्याला तळ म्हटलंय, तिथंच या श्रोत्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची जागा होती. यहुदी मुलाला डुकरं राखावी लागणं म्हणजे जात गेली, माणूस संपला. आपल्या गावांतही डुकरं पाळून जगणाऱ्या वडार-कैकाडी कुटुंबांना वस्तीच्या कडेलाच जागा मिळाली. जमीनदाराचा मुलगा त्या जागी आला की त्याची दोन हजार वर्षं टिकणारी गोष्ट होते, नि जो तिथंच जन्मला त्याची एका ओळीचीही होत नाही. हे बायबलातच घडलं असं नाही. आपल्या कादंबऱ्या, सिनेमे, पेपरातल्या ‘कालचा कोट्यधीश आज रस्त्यावर’ छापाच्या बातम्या, सगळ्यांची हीच तऱ्हा. रस्त्यावरच जन्मलेल्याची बातमी होत नाही.

तरीही गोष्टीत एक वाक्य असं आहे की ज्यासाठी तिला शंभर गुन्हे माफ करावेत. मुलगा डुकरांत बसून भानावर येतो तेव्हा त्याला पहिल्यांदा आठवतं काय? बापाचं प्रेम नव्हे, आईच्या हातचं नव्हे, देवही नव्हे. बापाच्या रोजंदारीवरच्या मजुरांना पोटभर खाऊन उरते इतकी भाकरी मिळते, हे आठवतं. पश्चात्ताप त्याच्यामागून येतो. परत जाऊन तो बापाला म्हणणार आहे ते ‘मला मुलगा समज’ असं नव्हे, ‘मला एक मजूर म्हणून ठेव’ असं. म्हणजे बाप मनानं मोठा होता याचा गोष्टीतला पहिला पुरावा त्याच्या मिठीत नाही, मजुरांच्या ताटात आहे. टेंपलसाहेबाच्या पौंडभर धान्यावर या पोराला राबावं लागलं असतं तर ते घरी परतलं नसतं; काय बघायला परतावं?

श्रीगोंद्याकडे बघताना हीच फूटपट्टी आमच्या हाताशी असावी असं वाटतं. घोड-कुकडीच्या पाण्यानं इथं ऊस आला, लिंबू आलं, कारखाने आले. हंगामात पाथर्डी-बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात नि फडाच्या कडेला पालं पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं पाचटात. ज्यांच्या शेतात ते राबतात त्यांच्या घरातलं एखादं पोरगं हिस्सा विकून शहरात गेलं, फसलं, आणि एका रात्री त्याला गाव आठवलं, तर नेमकं काय आठवेल? ‘आपल्याकडच्या मजुरांना पोटभर मिळतं’ हे वाक्य त्याच्या मनात येऊ शकेल का? व्यसनमुक्तीची व्याख्यानं, संस्कार शिबिरं, जमीन विकू नका म्हणून सप्त्यात केलेली कळकळीची भाषणं, हे सगळं चालू दे. पण पोरं परतावीत असं वाटणाऱ्यांनी पाल-फडाकडेही एकदा बघून यावं.

ड्यूररच्या चित्रात मजुरांचं हे जेवण अर्थातच नाही, कोरणीला आठवण कोरता येत नाही. पण घरं जवळ आहेत. परड्याच्या भोवतीनं सगळीकडे भिंती, छपरं, खिडक्या. आणि खिडकीत कुणी नाही. गाव ऐन दारात असताना तो गुडघ्यावर एकटा आहे. शेतात बसवला असता तर हे एकटेपण आलं नसतं, निसर्गचित्र झालं असतं. शिवाय डुकरांच्या पाठी नि त्याचे गुडघे एकाच उंचीला आहेत. ज्यांची पोटं भरायची ती डुकरं डोणीत तोंड घालून खातायत, नि त्यांना घालणारा उपाशी. एवढं कोरून ड्यूररनं खाली मधोमध आपली ए-डी ही मोहर उठवली आणि पुढं गेला.

त्याच्यामागून न्यूरेम्बर्गच्याच हान्स झेबाल्ड बेहामनं १५४० साली सबंध गोष्ट चार छोट्या पत्र्यांवर कोरली: वाटणी, उधळण, डुकरं, घरवापसी. क्रम लागला, गोष्ट पुरी झाली, नि परड्यातला तो गुदमर पातळ झाला. चारही प्रसंग दाखवले की बघणारा तिसऱ्यापाशी थांबत नाही, चौथ्याकडे सरकतो. आम्हांला ड्यूररचा एकच बरा.

चौथ्या प्रसंगात मुलाच्या येण्याच्या आनंदात पुष्ट वासरू कापतात. काष्टीच्या बाजारात आज हा तपशील वेगळाच ऐकू येईल. मार्च २०१५पासून राज्यात गायीबरोबर बैल-वळूही कापायला बंदी आहे, आणि संकरित गाईला गोऱ्हा झाला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. दुधाला उपयोग नाही, औताला उपयोग नाही, गिऱ्हाईक नाही. पुष्ट वासरू राखून ठेवणारा बाप सध्या तरी कुणाला परवडणार नाही. असो.

वासरू होतं कुणाचं, हा प्रश्न मात्र खास आपल्याकडचा आहे नि तो कीर्तनात कुणी विचारला नसेल तर नवल. धाकट्याचा हिस्सा देऊन झाला होता, त्यानं तो विकून खाल्ला होता. घरात उरलं ते थोरल्याच्या भागाचं. बापच त्याला म्हणतो की माझं जे आहे ते सगळं तुझंच. मग वासरूही त्याचंच. थोरल्याची तक्रार आपण मत्सर म्हणून उडवून लावतो, पण तो जे म्हणतो ते कुठल्याही गावच्या थोरल्यानं म्हणावं असंच आहे: मी इथं वर्षानुवर्षं राबलो, मित्रांबरोबर खायला मला कधी करडूही मिळालं नाही. त्याला कुणी विचारलं नव्हतं, बोलवायलाही शेतावर कुणी गेलं नव्हतं. शेतातून तो घरी येतो तर आत वाजंत्री चाललेली. काय चाललंय हे त्याला कळतं ते दारातल्या एका गड्याकडून. सगळी खबर त्या गड्याला होती: कोण आलं, काय कापलं, का कापलं. पंगतीत त्याचं पान मांडलं होतं का, ते लूकनं लिहिलेलं नाही.